दोन वर्षांचा डिप्लोमा, कॉलेजातले सर्टिफिकेट कोर्स आणि तिसऱ्या वर्षाची फी

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपली मुलगी पुण्यातील एका वाणिज्य महाविद्यालयात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि यजमानांच्या आजारपणामुळे तिसऱ्या वर्षापर्यंतचा खर्च निभेल की नाही याची आपल्याला खात्री वाटत नाही. दोन वर्षे पूर्ण करून डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येते, असे कॉलेजच्या ऑफिसातून सांगण्यात आले. त्याच कॉलेजात जीएसटी-टॅली (जीएसटीचे काम आणि टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर), जर्मन आणि डिजिटल मार्केटिंग असे तीन सर्टिफिकेट कोर्स चालतात, तर घराजवळच्या एका खासगी क्लासने ४५ हजार रुपयांचा, सहा महिन्यांचा, ‘जॉब गॅरंटी’चा कोर्स सुचवला आहे. यांतले काय घ्यावे आणि दोन वर्षांनी थांबावे का, असे आपण विचारले आहे.

ताई, मी पुण्यातच वाणिज्य शाखेला सव्वीस वर्षे शिकवतो आहे आणि त्यांतली बारा-तेरा वर्षे सर्टिफिकेट कोर्सच्या समन्वयाचे काम माझ्याकडे आहे. वेळापत्रक लावणे, बाहेरची जाणकार माणसे शिकवायला बोलावणे, परीक्षा घेणे आणि वर्षअखेरीस ‘सर, या कागदाचा उपयोग काय?’ या प्रश्नाला तोंड देणे, हे सगळे त्यात आले. आपल्याला आज सगळे वाचायला सवड नसेल, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. जीएसटी-टॅलीचा कॉलेजातलाच कोर्स घ्यावा, क्लासचे ४५ हजार हातात ठेवावेत आणि दोन वर्षांचा डिप्लोमा अगदीच अडले तर वापरण्यासाठी राखून ठेवावा. सर्टिफिकेट कोर्स निवडताना आपल्या परिस्थितीत एकच गोष्ट पाहायची आहे, ती म्हणजे त्याच्या जोरावर तिसऱ्या वर्षाची फी मुलीला स्वतः मिळवता येईल का.

प्रथम शब्दांचा घोळ सोडवू, कारण आपल्या पत्रातही तो थोडा झालेला दिसतो. आपल्याकडे ‘डिप्लोमा’ म्हटले की दहावीनंतरचा, तीन वर्षांचा, तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा डोळ्यांपुढे येतो आणि ‘सर्टिफिकेट’ म्हटले की औंधच्या आयटीआयमधला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन आठवतो. ती दोन्ही कागदपत्रे वेगळ्या व्यवस्थेची आहेत आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांच्या जाहिरातीत ‘डिप्लोमा’ लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा पॉलिटेक्निकचा असतो. आपल्या मुलीला दोन वर्षांनी मिळू शकेल ती पदवीपूर्व पदविका म्हणजे पदवीच्या वाटेवरचा एक थांबा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचे टप्पे पाडले: एक वर्षाला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी आणि चार वर्षांना ऑनर्स. कॉलेजने सांगितले ते याच व्यवस्थेबद्दल आणि ते चुकीचे नाही. फक्त अर्धे आहे.

दोन वर्षांचे कॉलेज ही कल्पना मुळात अमेरिकेत रुजलेली आहे. आपल्याकडे त्या शब्दांनी अकरावी-बारावीचे ज्युनिअर कॉलेज आठवते, तिकडे मात्र ते बारावीनंतरचे असते. इलिनॉय राज्यातले जोलिएट ज्युनिअर कॉलेज १९०१ साली सुरू झाले आणि तिथल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने मानले जाते. अशा कॉलेजात साधारण ६० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक), दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते आणि तिच्या पोटातच लहान लहान सर्टिफिकेट कोर्स रचलेले असतात. हिशेबनिशीचे सर्टिफिकेट घेऊन कोणी नोकरीला लागला आणि दोन वर्षांनी परत आला, तर चांगल्या रचनेत त्याचे आधीचे क्रेडिट पुढच्या पदवीत धरले जातात. आपल्याकडेही यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी.व्होक. ही कौशल्याधारित पदवी सुरू केली. हे सांगण्याचे कारण एवढेच, की आपण घेणार आहोत तो कोर्स पदवीत धरला जातो की पदवीच्या बाहेर लोंबकळत राहतो, हा प्रश्न जगभर या कोर्सना विचारला जातो आणि तो आपणही विचारला पाहिजे.

आता दोन वर्षांनी बाहेर पडण्याचे नियम पाहू. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार एका वर्षाचे किमान ४० क्रेडिट असतात. दोन वर्षांचे ८० क्रेडिट पूर्ण झाल्यावर आणि त्यांवर उन्हाळ्याच्या सुट्टीत कौशल्याच्या अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे आणखी ४ क्रेडिट मिळवल्यावरच पदविका मिळते. ऑफिसात हे चार क्रेडिट सहसा कोणी सांगत नाही. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास धरले, तर ते १२० तासांचे काम होते. म्हणजे रोज पाच तास गेले तर चोवीस दिवस. दुसरी गोष्ट एटीकेटीची. पुढच्या वर्षात जायला एटीकेटी चालते, पण पदविका घेऊन बाहेर पडायचे तर दोन्ही वर्षांचे सगळे क्रेडिट खात्यात जमा असावे लागतात. मागच्या एका मुलाने ‘सर, मी आता थांबतो’ असे सांगून दाखला काढला, आणि नंतर लक्षात आले की दुसऱ्या सत्राचा एक विषय राहिल्यामुळे त्याच्या हातात ना पदविका होती ना पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र. त्या विषयाची परीक्षा द्यायला तो पुढच्या वर्षी कामावर सुट्टी टाकून आला.

बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घेता येतो आणि मूळ प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. हे क्रेडिट जमा होतात ते अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या २०२१ साली सुरू झालेल्या व्यवस्थेत. तिथला खाते क्रमांक बारा अंकी असतो आणि तो डिजिलॉकरमधून काढता येतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत हे धोरण २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, त्यामुळे दोन वर्षांनी थांबून, मधे काम करून, परत येऊन पदवी पूर्ण केलेली मुले अजून आमच्यापुढे फारशी आलेली नाहीत. कागदावर परतीचा रस्ता मोकळा आहे. प्रत्यक्षात एकदा हातात पगार पडू लागला आणि घरात त्या पगाराची सवय झाली, की सकाळच्या लेक्चरला परत येऊन बसणे किती कठीण असते, हे मी जुन्या पद्धतीत मधेच शिक्षण सोडलेल्या मुलांच्या बाबतीत पुरेसे पाहिले आहे. मुलींच्या बाबतीत तर त्या तीन वर्षांत घरात दुसरेच विषय निघू लागतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

पदविकेवर थांबल्यास काय बंद होते, तेही स्पष्टच लिहितो. राज्यसेवा, बँकांतील क्लार्क आणि अधिकारी पदांच्या भरती परीक्षा, तलाठी भरती, या सगळ्यांना पदवी लागते आणि तिथे दोन वर्षांची पदविका पदवीच्या जागी चालत नाही. एम.कॉम. नाही, एम.बी.ए. नाही, विधीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम नाही. खासगी क्षेत्रात, विशेषतः लहान ऑफिसांत, पदवीची सक्ती कमी असते, पण पगारवाढीच्या वेळी आणि नोकरी बदलताना ‘ग्रॅज्युएट आहात का?’ हा प्रश्न येतोच. दोन वर्षांच्या पदविकेला किंमत नाही असे मी म्हणत नाही. उच्च शिक्षणाच्या नव्या पात्रता चौकटीत ती स्तर ५ वर आहे, पहिल्या वर्षाचे प्रमाणपत्र ४.५ वर आणि तीन वर्षांची पदवी ५.५ वर. मात्र नोकरी देणाऱ्या माणसाला हे स्तर अजून पाठ झालेले नाहीत, त्याला ‘बी.कॉम.’ हा शब्द कळतो.

म्हणून कॉलेजातल्या कोर्सकडे येऊ. त्यातही दोन जाती आहेत. एक म्हणजे पदवीच्या रचनेतच बसलेले कौशल्याचे विषय, ज्यांचे क्रेडिट गुणपत्रकात येतात. दुसरे म्हणजे जादा, स्वतंत्र फी घेऊन चालणारे सर्टिफिकेट कोर्स, ज्यांचा कागद वेगळा मिळतो आणि क्रेडिट मिळतातच असे नाही. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ३० किंवा त्याहून अधिक तासांच्या अशा कोर्सची नोंद होते, त्यामुळे नॅकची समिती यायच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत कॉलेजांमध्ये असे कोर्स पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात. सगळेच वाईट असतात असे नाही, पण कोर्स नेमका ३० तासांचा असेल आणि तो कशासाठी आहे हे शिकवणाऱ्यालाही नीट सांगता येत नसेल, तर तो कोणासाठी चालू आहे ते ओळखावे.

मी हे दुसऱ्यांवर बोट ठेवून लिहीत नाही. सुरुवातीच्या काळात मीही तसाच कोर्स चालवला. शंभरावर मुले, ३० तास, प्रोजेक्टरवर टॅलीचे पडदे दाखवायचे आणि शेवटी वीस वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. सगळे उत्तीर्ण. रंगीत प्रमाणपत्रे, प्राचार्यांच्या सहीनिशी. पुढच्या वर्षी लक्ष्मी रोडजवळ हिशेबाचे काम करणारे एक जुने स्नेही भेटले आणि म्हणाले, ‘सर, तुमची दोन पोरं घेतली होती कामाला. एफ-नाइन दाबून पर्चेसचं व्हाउचर उघडतात, पण बँकेचं स्टेटमेंट पुढ्यात ठेवलं की नुसती बघत बसतात.’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागले. मुलांनी वेळ आणि पैसे दिले होते आणि आम्ही त्यांना बटणांची नावे शिकवली होती.

त्यानंतर कोर्स १२० तासांचा केला, मुले तीस घेतली आणि परीक्षा बदलली. त्या परीक्षेचा प्रकार जरा तपशिलाने सांगतो, कारण कोर्सची खरी पारख तिथेच होते. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक जाड खाकी पाकीट मिळते. त्यात एका काल्पनिक हार्डवेअरच्या दुकानाची एका महिन्याची कागदपत्रे असतात: चाळीसएक खरेदीची बिले, विक्रीची बिले, बँकेचे स्टेटमेंट, दोन-तीन क्रेडिट नोटा. एका बिलाची झेरॉक्स मुद्दाम मूळ बिलापासून दूर घातलेली असते, म्हणजे गाफील विद्यार्थी तीच खरेदी दोनदा चढवतो. एक बिल कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या करयोजनेतल्या, दुकानदाराचे असते, ज्यावर कर लावलेलाच नसतो आणि लावताही येत नाही; त्यावरून क्रेडिट (इथे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेण्याचा प्रश्नच येत नाही. एका बिलावर जीएसटी क्रमांकातले एक अक्षर गळलेले असते, म्हणजे पंधराऐवजी चौदाच. आणि एक बिल चाकणच्या पुरवठादाराचे असते. त्याचा क्रमांक २७ ने सुरू होतो, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातली. माल पुण्यातच उतरला. तरी बिलावर राज्यातल्या व्यवहाराचे ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा) असे न लावता सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे परराज्याशी व्यवहाराचा कर, लावलेला असतो. हे सगळे तीन तासांत टॅलीत चढवायचे, बँकेशी जुळवायचे, जीएसटीआर-२बी च्या, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणाऱ्या, छापील यादीशी ताडून पाहायचे आणि कोणते क्रेडिट घ्यावे, कोणते थांबवावे याचा अर्ध्या पानाचा खुलासा लिहायचा.

दोन वर्षांपूर्वी हडपसरहून पीएमपीच्या बसने येणाऱ्या एका मुलीचे काम वेळेत पुरे झाले नाही. तिने एकतीसच बिले चढवली होती. पण चाकणच्या बिलाला तिने टाचणीने एक चिठ्ठी लावली होती आणि तीवर लिहिले होते: ‘कर चुकीच्या खात्यात. पुरवठादाराला फोन करून बिल दुरुस्त करून मागावे. तोपर्यंत क्रेडिट घेऊ नये.’ बाहेरून परीक्षक म्हणून आलेल्या कर सल्लागारांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि सगळी बिले चढवलेल्या, पण हे बिलही मुकाट्याने चढवून मोकळ्या झालेल्या मुलांपेक्षा तिला जास्त गुण दिले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला दुपारच्या वेळेपुरते ऑफिसात घेतले. तिने बी.कॉम.चे तिसरे वर्ष तिथे काम करतच पूर्ण केले. आपल्या मुलीबद्दल मी सुचवतो आहे तो मार्ग हाच.

जीएसटी-टॅलीचाच आग्रह का, तर पुण्यात या कामाची गरज दर महिन्याला नव्याने निर्माण होते. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला विक्रीचे जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे जीएसटीआर-३बी वीस तारखेपर्यंत भरावे लागते, त्याआधी सात तारखेला टीडीएसचा भरणा असतो आणि चौदा तारखेला २बी तयार होते. जीएसटी १ जुलै २०१७ ला आल्यापासून पेठांतल्या, मार्केट यार्डातल्या, भोसरीच्या लहान कारखान्यांच्या हिशेबांना हे महिन्याचे चक्र लागले आहे. एकट्या कर सल्लागाराला हे झेपत नाही. त्याला बिले गोळा करणारा, चढवणारा आणि चुकलेले दाखवणारा हात हवा असतो. तो पूर्ण वेळ नसला तरी चालतो. वाणिज्य शाखेची पुण्यातली बरीच वर्गवेळ सकाळची असल्यामुळे दुपारी एक ते सहा हे काम मुलीला जमण्यासारखे आहे. शिवाय तिला वर्गात कॉस्टिंग, कर आणि ऑडिट शिकवले जाईल तेव्हा त्यातले निम्मे तिच्या हाताखालून गेलेले असेल.

जर्मनबद्दल माझे मत चांगले आहे, पण ते आपल्या मुदतीत बसत नाही. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या इमारतीतल्या विद्यापीठाच्या विदेशी भाषा विभागाने आणि मॅक्सम्युलर भवनाने पुण्याला परकीय भाषांची मोठी परंपरा दिली आहे आणि जर्मन किंवा जपानी नीट शिकलेल्याला इथे काम मिळते. परंतु ए-वन ही पहिली पायरी आहे. नोकरीच्या उपयोगाची भाषा बी-वन, बी-टू च्या आसपास सुरू होते. जपानीतही एन-फाइव्ह पासून सुरुवात करून एन-थ्री किंवा एन-टू पर्यंत जावे लागते आणि परीक्षा वर्षातून दोनदाच, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. एका वर्षाचे सर्टिफिकेट घेऊन थांबायचे असेल तर ती मेहनत अर्ध्यावर राहते. घरची घडी बसल्यावर तिला आवड असेल तर जरूर करावे.

डिजिटल मार्केटिंगचा कोर्स कॉलेजात कोण शिकवतो यावरच सगळे आहे. शिकवणाऱ्याने स्वतः एखाद्या दुकानाच्या जाहिरातीवर स्वतःचे पैसे लावून पाहिले नसतील, तर तो कोर्स व्याख्यानमाला होतो. याहून जास्त मी त्यावर लिहीत नाही.

आता त्या ४५ हजारांच्या क्लासविषयी. सगळे क्लास फसवे असतात असे माझे मुळीच मत नाही. माझे काही उत्तम विद्यार्थी क्लास चालवतात. पण पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. प्रमाणपत्र कोणाच्या नावाने मिळणार, क्लासच्या स्वतःच्या की एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या. तो अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत नोंदवलेला आहे का आणि कोणत्या स्तरावर. त्याचे क्रेडिट मुलीच्या खात्यात जमा होणार का. आणि ‘जॉब गॅरंटी’ म्हणजे नोकरी मिळेपर्यंत प्रयत्न, का नोकरी न मिळाल्यास फी परत. तोंडी उत्तर ‘होऊन जाईल, मॅडम’ असे असते. लेखी मागितले की ते सहसा ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ होते. आणखी एक गंमत सांगतो. खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो; वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते. महिन्याला तीस मुले प्रत्येकी ४५ हजार भरून घेणारा क्लास दोन महिन्यांतच त्या मर्यादेपलीकडे जातो. तेव्हा जीएसटी शिकवणाऱ्या त्या क्लासची पावती जरा निरखून पाहावी आणि तीवर पंधरा अक्षरी क्रमांक नसेल, तर तिथे आपली मुलगी काय शिकणार आहे याचा विचार करावा.

पैशांचा प्रश्न मात्र कोर्सने लगेच सुटणार नाही, हे मला कळते. पहिल्या वर्षाच्या मुलीला बाजारात काम मिळायला आठ-दहा महिने तयारी लागतेच. तोवरसाठी दोन गोष्टी आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजना संलग्न महाविद्यालयांत चालते. ग्रंथालयात, ऑफिसात, प्रयोगशाळेत ठरावीक तास काम करून मुले त्यावर फीचा भाग उचलतात. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच घेतात आणि मुले लाजून अर्ज करत नाहीत, म्हणून मुलीला विद्यार्थी विकास मंडळाच्या प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटायला सांगावे. दुसरे, महाडीबीटी पोर्टलवर आपल्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कोणत्या शिष्यवृत्त्या लागू होतात ते पाहावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा, कारण पोर्टल चालू असताना सेतू केंद्रावर रांग असते. यजमानांच्या आजारपणामुळे उत्पन्न घटले असेल तर ते दाखल्यात दिसले पाहिजे. गेल्या वर्षीचाच आकडा पुढे चालू राहिल्यामुळे पात्र मुले अपात्र ठरलेली मी पाहिली आहेत.

आणि समजा सगळे करूनही दुसऱ्या वर्षानंतर नियमित कॉलेज शक्य झाले नाही, तर मग पदविका जरूर घ्यावी, पण अर्धवट सोडू नये. म्हणजे चौथ्या सत्रापर्यंत एकही विषय मागे ठेवायचा नाही आणि उन्हाळ्यातल्या त्या ४ क्रेडिटची सोय दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच करून ठेवायची. जीएसटी-टॅलीचा कोर्स त्या ४ क्रेडिटसाठी धरला जाईल का, हे कॉलेजच्या परीक्षा विभागाला अर्ज देऊन विचारावे आणि उत्तरावर जावक क्रमांक घ्यावा. धरत असतील तर एका दगडात दोन पक्षी. धरत नसतील तर कर सल्लागाराच्या ऑफिसातले १२० तास इंटर्नशिप म्हणून आधी मंजूर करून घ्यावेत. काम झाल्यावर मंजुरी मागितली तर ती मिळत नाही. पदवी पुढे मुक्त शिक्षणातून पूर्ण करायची झाली, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे आणि पुणे विद्यापीठाचाही दूरस्थ शिक्षणाचा विभाग आहे. मात्र आधीचे क्रेडिट तिथे किती धरले जातील हे प्रवेश घेण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

आपण विचारले नाही, पण स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलचा उल्लेख करतो, कारण तो फुकट आहे. तिथल्या अभ्यासक्रमांना शिकण्याचे शुल्क नाही, परीक्षेपुरतेच पैसे लागतात, आणि विद्यापीठाने मान्य केल्यास एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घेता येतात. इंग्रजीतली व्याख्याने मुलीला झेपत असतील तर करआकारणीचे किंवा लेखांकनाचे काहीतरी तिने सुट्टीत करावे. नाही झेपले तरी काही बिघडत नाही.

या आठवड्यात दोनच कामे करावीत. डिजिलॉकरमध्ये मुलीचे क्रेडिट खाते उघडून त्यातले नाव बारावीच्या गुणपत्रकातल्या नावाशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. आधारवर ‘मुलगी-वडील-आडनाव’ आणि गुणपत्रकावर ‘आडनाव-मुलगी-वडील-आई’ असा फरक असतो आणि त्यावरून क्रेडिट अडकतात, तेव्हा दुरुस्ती आताच करून घ्यावी. दुसरे, सर्टिफिकेट कोर्सचा अर्ज भरण्यापूर्वी समन्वयकांकडे गेल्या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा मागून पाहावी. त्यात बिले, बँकेचे स्टेटमेंट आणि जुळवणी असेल तर फी लगेच भरावी. नुसते चार पर्यायांचे प्रश्न असतील, किंवा ‘प्रात्यक्षिक असे वेगळे काही नसते’ असे उत्तर मिळाले, तर मला पुन्हा लिहावे. दुपारच्या वेळेत शिकाऊ मुलींना हाताशी घेणारी दोन-तीन ऑफिसे सदाशिव पेठेत माझ्या माहितीची आहेत, आणि त्यांना सर्टिफिकेट लागत नाही, बँकेची जुळवणी शिकायची तयारी लागते.